चुकलेल्या उत्तरांची वही

शिक्षणशास्त्र शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, मुलांच्या विचाराच्या वाढीचे टप्पे घडाघडा म्हणून दाखवेल. वय शून्य ते दोन, दोन ते सात, सात ते अकरा, अकराच्या पुढे. समोर चार जड नावं: संवेदन-कारक, पूर्वक्रियात्मक, मूर्त क्रियात्मक, औपचारिक क्रियात्मक. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न, त्यामुळे पाठ असतोच. पुढे हाच तक्ता पालकांसाठीच्या पुस्तकांत उतरतो, व्याख्यानांत उतरतो आणि ‘तुमचं मूल कुठल्या टप्प्यावर आहे?’ अशा मथळ्याखाली मोबाइलवर फिरत राहतो. ज्याँ पियाजे या स्विस संशोधकाच्या हाती साठ वर्षं मुलांशी बोलून, त्यांच्याबरोबर खेळून जे लागलं, त्याचं आपण गाड्यांचं वेळापत्रक करून टाकलं. गाडी वेळेआधी आली तर आनंदीआनंद, उशीर झाला तर चौकशी.

या तक्त्यातला सगळ्यात कच्चा भाग कोणता असेल तर तो वयाचे आकडे. आणि आपण नेमके तेवढेच घट्ट धरून बसलो आहोत. इतक्या वर्षांच्या उलटतपासणीनंतरही जो भाग टिकला, तो मात्र शाळेच्या फाटकाबाहेर राहिला. तो भाग असा: मूल चुकतं तेव्हा ते कमी विचार करत नसतं, निराळ्या रीतीने करत असतं. ही रीत कुणी बरोबर उत्तर सांगितलं म्हणून बदलत नाही. तिने काम भागेनासं झालं की मूल स्वतःच ती बदलतं.

गोष्ट सुरू होते १९२० च्या आसपास, पॅरिसमध्ये. पियाजे तेव्हा जेमतेम पंचविशीचा. शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ, डॉक्टरेट केली होती गोगलगाईंच्या जातकुळीतल्या मृदुकाय प्राण्यांवर. बुद्धिमापनाच्या चाचण्या रचणाऱ्या आल्फ्रेड बिने याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेत त्याला काम मिळालं ते असं: सिरिल बर्ट या इंग्लिश मानसशास्त्रज्ञाने तयार केलेल्या तर्काच्या चाचण्या पॅरिसच्या मुलांना घालायच्या, बरोबर उत्तरं मोजायची आणि कुठल्या वयाला किती जमतं याचं कोष्टक लावायचं. कारकुनीच म्हणा ना.

त्यातला एक प्रश्न असा होता. एडिथचे केस सुझानपेक्षा उजळ आहेत, पण लिलीपेक्षा गडद आहेत. तर तिघींत सगळ्यात गडद केस कुणाचे? उत्तर सुझान. लहान मुलं बेधडक म्हणत, लिली. चाचणी घेणाऱ्याने फुली मारावी आणि पुढे जावं, एवढीच अपेक्षा. पियाजे पुढे गेला नाही. त्याने विचारलं, तुला असं का वाटलं? मग मुलाचा हिशेब बाहेर आला. एडिथ आणि सुझान या दोघी उजळ. एडिथ आणि लिली या दोघी गडद. म्हणजे लिली नुसतीच गडद, सुझान नुसतीच उजळ आणि एडिथ दोन्हींकडे, म्हणून मधली.

हा हिशेब दोनदा वाचून बघा. उत्तर अगदी उलटं आलंय, पण वाटेत कुठेही गोंधळ नाही. मुलाने फक्त ‘पेक्षा’ हा शब्द सोडून दिला आहे. त्याच्या लेखी उजळ असणं किंवा गडद असणं हा दोन माणसांमधला संबंध नाही, तो एकेका माणसाला चिकटलेला गुण आहे. एकदा एवढं मान्य केलं की पुढचं सगळं बिनचूक. पियाजेच्या पुढच्या सगळ्या कामाचं बीज इथे आहे असं मला वाटतं, आणि वयाचे आकडे त्यात कुठेच नाहीत. आहे ती एक फुली, आणि ती फुली मारायच्या आधी थांबलेला एक माणूस.

पुढे १९२५ ते १९३१ या काळात त्याला तीन मुलं झाली आणि पाळण्याशेजारी बसून त्याने तेच केलं. बाळाच्या आवडीची वस्तू त्याच्यासमोर कापडाखाली झाकायची आणि बघायचं. काही महिन्यांचं बाळ पुढे केलेला हात मागे घेतं. वस्तू झाकली गेली म्हणजे जणू संपली. आठ-नऊ महिन्यांचं बाळ कापड ओढून ती काढतं. पण खरी मौज त्यानंतर आहे. वस्तू दोन-चार वेळा डावीकडच्या कापडाखाली लपवा, बाळ दर वेळी काढेल. मग त्याच्या डोळ्यांदेखत ती उजवीकडे लपवा. बाळ बघतं, आणि शोधायला डावीकडेच जातं! नजर चुकलेली नाही. बाळाच्या जगात वस्तूची जागा अजून त्याच्या स्वतःच्या कृतीला बांधलेली आहे. जिथे हात घातला की सापडते, ती तिची जागा.

आता आकड्यांचं काय झालं ते बघा. १९८० च्या दशकात रने बायार्जाँ ही मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी हाताऐवजी नजर मोजली. बाळासमोर एक फळी उभी राहून मागे पडते, तिच्या मागे एक खोका ठेवलेला. फळी खोक्याला टेकून थांबायला हवी. ती जेव्हा खोका जणू नाहीच अशी आरपार जाते, तेव्हा पाच महिन्यांची, आणि नंतरच्या प्रयोगांत त्याहूनही लहान बाळं जास्त वेळ टक लावून बघत राहतात. म्हणजे झाकलेली वस्तू तिथे आहे याची काहीतरी जाणीव त्यांना पियाजेच्या आकड्याच्या कितीतरी आधी असते. (या टक लावण्यातून नेमका किती अर्थ काढायचा यावर संशोधकांत अजून जुंपलेली असते, ती जुंपू दे.) आकडा खाली आला. पण उजवीकडे लपवलेली वस्तू डावीकडे शोधणारं बाळ आजही तसंच डावीकडे शोधतं. डोळ्याला जे कळलंय ते हाताला कळायला अजून काही महिने जावे लागतात, असं फार तर म्हणता येईल.

पाण्याचा प्रयोग तर सगळ्यांना माहीत असतो. मी तो माझ्या भाचीवर केला तेव्हा ती साडेपाच वर्षांची होती. दोन सारखे पेले, दोन्हींत सारखं पाणी. ती पक्की निघाली. टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून तिने दोन्ही पातळ्या तपासल्या आणि एकात अजून चमचाभर घालायला लावलं. मग म्हणाली, आता सारखं. मी एका पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या बरणीत ओतलं.

“आता?”

“यात जास्त.”

“का गं?”

“हे बघ ना मामा, कुठपर्यंत आलंय.”

मी ते परत पेल्यात ओतलं. “आता सारखं.” पुन्हा बरणीत. “आता जास्त.” मी विचारलं, मी वरून पाणी घातलं का? नाही. मग जास्तीचं आलं कुठून? तिने बरणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मला कळत नाही याची दया येऊन सांगितलं, “उंच बरणीत ओतलंस ना, म्हणून.”

हे ऐकून ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला लेकीची बाजू पडतेय असं वाटलं असावं. “अगं, पाणी तेवढंच आहे. ओतलं म्हणून वाढतं का? सांग मामाला, तेवढंच आहे.” भाचीने आईकडे बघत म्हटलं, “तेवढंच आहे.” ताईचं समाधान झालं. मी जरा वेळाने विचारलं, तुला खूप तहान लागली असेल तर यातलं कुठलं पिशील? बोट तत्काळ बरणीकडे गेलं.

ताईने जे केलं ते आपण सगळे करतो, आणि शाळा तर दिवसभर तेच करते. मुलाला बरोबर उत्तर मिळालं, आपल्याला ते ऐकू आलं, विषय संपला. विचार मात्र होता तिथेच, बरणीपाशी. आणि आता एक नवी अडचण झाली: तो विचार आपल्याला दिसेनासा झाला. आधी ‘यात जास्त’ म्हणत होती तेव्हा ती कुठे उभी आहे ते कळत तरी होतं.

दोनेक वर्षांनी मी पुन्हा पेले मांडले तर ती वैतागली. “तेच पाणी आहे ना मामा, नुसतं ओतलंय.” मधल्या काळात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती अंघोळीला बादल्या-तांब्यांशी खेळली होती, शंभर वेळा इकडचं तिकडे ओतलं-सांडलं होतं, उंची वाढली तर रुंदी घटते हे दोन्ही एकदम डोक्यात धरायला शिकली होती, आणि ओतलेलं पाणी मनातल्या मनात परत ओतता येतं हे तिला जमायला लागलं होतं. आणि एवढं जमूनही सगळं एकदम जमत नाही. मातीचा गोळा चपटा केला तर माती तेवढीच राहते हे सात-आठव्या वर्षी पटलेल्या मुलाला, वजनही तेवढंच राहतं हे पटायला बहुधा आणखी एक-दोन वर्षं लागतात. हे पियाजेनेच नोंदवलंय. अवस्था म्हणजे जिन्याची पायरी नव्हे, की एक पाय वर गेला म्हणजे आख्खं मूल वर गेलं.

पियाजेच्या टीकाकारांनी या प्रयोगांची साल काढली ती योग्यच होती. १९७४ मध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांसमोर सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडल्या. प्रयोग करणाऱ्याने स्वतः एक रांग विसकटली आणि विचारलं, तेव्हा सहातल्या एखाद्याच मुलाने ‘अजून सारख्याच’ म्हटलं. मग तेच विसकटणं एका खोडकर टेडीकडून ‘चुकून’ करवलं. आता निम्म्याहून जास्त मुलं बरोबर! त्याच सुमारास सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी आणखी साधी गोष्ट केली: ‘सारखं आहे का?’ हा प्रश्न आधी आणि नंतर असा दोनदा न विचारता एकदाच, नंतर, विचारला. मुलांच्या चुका कमी झाल्या.

याचा अर्थ लावणं अवघड नाही. मोठ्या माणसाने आपल्यासमोर मुद्दाम काहीतरी बदललं आणि मघाचाच प्रश्न पुन्हा विचारला, तर पहिलं उत्तर त्याला नको असणार. मूल पाण्याचा विचार करत असतंच, पण त्याबरोबर आपलाही करत असतं. वर्गात बाईंनी नुसतं ‘नक्की?’ असं म्हटलं की उत्तर बदलणारी मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचं नवल वाटू नये.

तेव्हा टीकाकारांनी पाडले ते आकडे. मूल जसजसं वाढतं तसतशी त्याच्या विचाराची जात बदलते, हे त्यांना पाडायचं नव्हतंच. पण त्यांनी जाता जाता एक जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवून दिली: मुलं आपल्या मनातलं उत्तर ओळखण्यात कमालीची हुशार असतात. शाळेने या हुशारीचं काय केलं, ते फ्रान्समधल्या ग्रनोब्ल इथे १९८० च्या सुमारास दिसलं. गणित-शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या तिथल्या मंडळींनी प्राथमिक शाळेतल्या ९७ मुलांना गणित घातलं. एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर जहाजाच्या कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवरून वय काढून दिलं.

ही सात ते नऊ वर्षांची मुलं. तक्त्याप्रमाणे मूर्त, म्हणजे समोर दिसणाऱ्या गोष्टींवरचा, तर्क जमू लागलेली. घरी कुणी त्यांना हाच प्रश्न गप्पांत विचारला असता तर ती हसली असती. शाळेत हसली नाहीत, कारण शाळेत प्रश्नाला उत्तर असतंच, ते दिलेल्या आकड्यांतूनच निघतं, आणि ‘हा प्रश्नच बरोबर नाही’ असं म्हणणाऱ्याला गुण नसतात, हे ती तोवर शिकलेली होती. पियाजेच्या चार रकान्यांत ही अवस्था नाही. ही आपण घडवलेली आहे, आणि ती इतकी पक्की बसते की त्यातून बाहेर यायला काही जणांना जन्म पुरत नाही.

आता घाईबद्दल. पियाजे अमेरिकेत बोलायला जायचा तेव्हा एक प्रश्न ठरलेला असे: या अवस्था लवकर गाठता येतील का? त्याने या प्रश्नाला नावच पाडलं होतं, ‘अमेरिकन प्रश्न’. आज तो कुठल्याही एका देशाचा राहिलेला नाही. यावर तो मांजरीच्या पिल्लांचा दाखला द्यायचा. लपवलेली वस्तू नाहीशी होत नाही हे मांजरीचं पिल्लू माणसाच्या बाळापेक्षा कितीतरी आधी शिकतं. तीन महिन्यांत त्याचं काम होतं, बाळाला नऊ लागतात. पण पिल्लू मग तिथेच थांबतं. बाळाने घेतलेले जास्तीचे सहा महिने वाया गेले, असं म्हणायला फार धाडस पाहिजे.

लवकर सुरुवात म्हणजे लांब आघाडी, हे आपण गृहीत धरतो. वाचनापुरतं हे न्यूझीलंडमध्ये तपासलं गेलं. सेबास्टियन सगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचन शिकलेली मुलं आणि सातव्या वर्षी शिकलेली मुलं यांची तुलना केली. अकराव्या वर्षाच्या सुमारास वाचनक्षमतेतला फरक मिटलेला होता. दोन वर्षं आधी पळायला लागलेले आणि नंतर निघालेले एकाच ठिकाणी पोहोचले होते. आधीच्यांनी त्या दोन वर्षांत काय केलं नाही, हा प्रश्न मात्र कुठल्याच प्रगतिपुस्तकात नसतो.

याहून धीट प्रयोग फार जुना आहे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात मँचेस्टर नावाचं गाव आहे. १९२९ मध्ये तिथल्या शाळांचा प्रमुख एल. पी. बेनेझे याने काही वर्गांतून पहिल्या पाचेक इयत्तांचं औपचारिक अंकगणित काढूनच टाकलं. मुलांनी बोलायचं, वाचलेलं आणि पाहिलेलं सांगायचं, उंची-अंतरांचे अंदाज बांधायचे. सहावीत रीतसर गणित सुरू केल्यावर ही मुलं वर्षभरात बाकीच्यांच्या बरोबरीला आली आणि शब्दांत मांडलेले प्रश्न त्यांनी जास्त शहाणपणाने हाताळले, असं त्याने लिहून ठेवलंय. हे त्याचं स्वतःचं निवेदन आहे, काटेकोर चाचणी नव्हे, तेव्हा त्यावर मी फार भार टाकणार नाही. शिवाय त्याच्या हकिकतीत एक गोष्ट टोचते. प्रयोगासाठी त्याने बहुतेक पालक स्थलांतरित आणि इंग्रजी मातृभाषा नसलेले आहेत अशा वस्तीतल्या शाळा निवडल्या, कारण बाकीच्या पालकांनी गहजब केला असता, हे तो स्वतःच सांगतो. ज्यांचा आवाज पोहोचत नाही त्यांच्या मुलांवर प्रयोग. निकाल चांगला लागला म्हणून ते विसरायचं कारण नाही.

घाईइतकीच वाईट दुसरी सवय म्हणजे तक्त्याचं छत करणं. “अजून लहान आहे, त्याला नाही कळणार.” हे वाक्य शास्त्राचा आधार घेऊन बोललं जातं तेव्हा जास्त खटकतं. मृत्यू, वेगळे होणारे आई-वडील, घरातलं आजारपण, यावर मूल प्रश्न विचारतं आणि आपण रकाना बघून गप्प बसतो. पियाजेच्याच वर्षी, १८९६ मध्ये, जन्मलेला सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव विगॉट्स्की या बाबतीत जास्त उपयोगी पडतो. क्षयाने १९३४ मध्ये, सदतिसाव्या वर्षी तो गेला, पण एक साधं उदाहरण मागे ठेवून गेला. दोन मुलं आहेत. एकट्याने सोडवायला दिलं तर दोघंही आठ वर्षांच्या पातळीची कोडी सोडवतात. थोडी मदत केली, सुरुवात करून दिली, एखादा प्रश्न विचारला, तर त्यातलं एक बारा वर्षांच्या पातळीपर्यंत जातं आणि दुसरं नवापर्यंत. ही दोन मुलं सारखी आहेत का? परीक्षा म्हणते आहेत.

आणि कधी कधी छत मुलाच्या डोक्यावर नसतंच, ते आपल्या कागदावर असतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून गेलेल्या संशोधकांना त्यांनी तोंडी हिशेब करून दिले, त्यातले ९८ टक्के बरोबर. नंतर त्याच मुलांना तसलेच हिशेब वहीतल्या गणितांसारखे नुसत्या आकड्यांत घातले, तेव्हा बरोबर आले ३७ टक्के. मुलं तीच, हिशेबही तेच. यांना कुठल्या रकान्यात घालणार?

अकराच्या पुढचा रकाना हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. तिथवर पोहोचलं की मूल झालं मोठं, असा आपला समज. खरं तर तिथे ‘समजा’ हा शब्द सुरू होतो. लहान मूल समोर आहे त्यावर तर्क करतं. किशोरवयात समोर नसलेल्यावर करता येऊ लागतो. ‘असतं तर’, ‘झालं नसतं तर’, ‘सगळेच असं वागले तर’. पियाजे आणि त्याची सहकारी बेर्बेल इनहेल्डर यांनी दोरीला वजन बांधून मुलांना विचारलं, लंबकाचा झोका कशामुळे जलद किंवा सावकाश होतो? आठ-नऊ वर्षांचं मूल दोरी लांब करतं, त्याच वेळी वजनही बदलतं, आणि फरक पडला की दोन्हींना श्रेय देऊन टाकतं. चौदा-पंधराव्या वर्षी एखादी मुलगी म्हणते, थांबा, वजन तेच ठेवते आणि फक्त दोरी बदलून बघते. एवढ्या एका वाक्यात विज्ञानाची निम्मी पद्धत आली.

पण ही आपोआप उगवणारी गोष्ट नाही. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात गेला आणि शाळा न पाहिलेल्या शेतकऱ्यांना त्याने विचारलं: दूर उत्तरेला, जिथे बर्फ असतो तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या उत्तरेला आहे आणि तिथे कायम बर्फ असतो. तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? उत्तर आलं ते अशा आशयाचं की मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं नाही पाहिलं, जे पाहिलं नाही त्याबद्दल आम्ही बोलत नाही. ही माणसं शेती-व्यवहारात मुरलेली होती. ‘समजा’ म्हणून न पाहिलेल्या जगात शिरायची त्यांना गरज पडली नव्हती आणि कुणी बोलावलंही नव्हतं. १९७२ मध्ये पियाजेनेही आपलं म्हणणं सैल केलं: हा विचार पंधरा ते वीसच्या दरम्यान येत असेल आणि ज्याच्या-त्याच्या कामाच्या क्षेत्रात येत असेल. आपल्याकडच्या मोठ्यांच्या चर्चा ऐकल्या की मला तो वीस हा आकडाही आशावादी वाटतो. कुणी ‘समजा’ म्हणून एखादी शक्यता मांडली की समोरचा ताडकन उठतो, “म्हणजे तुमचं असं मत आहे तर!” लुरियाच्या शेतकऱ्यांनी निदान प्रामाणिकपणे सांगितलं होतं की आम्ही तिथे गेलेलो नाही.

म्हणून तेरा-चौदा वर्षांचं मूल वाद घालू लागतं तेव्हा शाळेने खरं तर कान टवकारायला हवेत. हा नियम का? उलटा असता तर? तुम्हीच परवा म्हणालात त्याचं काय? हे त्रासदायक असतं, यात शंका नाही. माझी तीच भाची आता तेरा वर्षांची आहे आणि आख्ख्या जगाचं लक्ष आपल्या केसांकडे आहे या समजात वावरते. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटलं होतं. इतरांच्या मनात शिरण्याची ताकद नवी नवी आली की त्या सगळ्या मनांत आपणच भरलेलो आहोत असं वाटणारच. पण नेमक्या याच वर्षांत अभ्यासक्रम फुगतो, वेळ आटतो आणि ‘समजा’ने सुरू होणाऱ्या प्रश्नाला उद्धटपणा हे नाव मिळतं. लहानपणी विचार पिकायच्या आधी उत्तर हातात ठेवलं, आणि विचार पिकल्यावर तोंड बंद केलं.

यावर जो आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो तो असा: ज्या घरात पुस्तकं आहेत, गप्पा आहेत, बादल्या सांडू देणारी माणसं आहेत, तिथल्या मुलांना वाट बघणं परवडतं. जिथे यातलं काही नाही त्या मुलांना शाळेनेही लवकर हात दिला नाही तर ती मागेच पडतील. यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. पण लवकर हात द्यायचा म्हणजे लवकर पेन्सिल द्यायची, असं कुणी ठरवलं? ज्या मुलाच्या घरी बोलायला कुणाला वेळ नाही त्याला शाळेत बोलणारं माणूस आणि ओतायला पाणी हवं. त्याला चौथ्या वर्षी गिरवायचे कागद देणं म्हणजे घरी जे नव्हतं ते शाळेतही न देणं. आधीच उणीव होती, वरून आता ती झाकली गेली.

दुसरा आक्षेप वर्गातल्या गर्दीचा. पन्नास मुलांना ‘तुला असं का वाटलं?’ विचारायला शिक्षकाकडे वेळ कुठे आहे? नाहीच आहे. म्हणून तर हा सार्वजनिक प्रश्न आहे, शिक्षकाच्या मनाच्या मोठेपणाचा नाही. वर्गातली मुलं कमी करा, पाठ्यक्रमातले धडे कमी करा, पहिल्या दोन-तीन इयत्तांच्या लेखी परीक्षा काढा. यातलं काहीच न करता शिक्षकाला पियाजेवर कार्यशाळेला पाठवणं म्हणजे त्याची थट्टा आहे.

माझ्या ओळखीच्या एक बाई तिसरीला शिकवतात. त्यांच्या टेबलाच्या खणात एक दोनशे पानी वही असते. मुलांची चुकलेली उत्तरं त्या त्यात उतरवतात, रोज फार तर दोन-तीन, आणि शेजारी मुलाने दिलेलं कारण. मला त्यांनी एक पान दाखवलं. सोळातून नऊ वजा करून एका मुलाने तेरा लिहिलं होतं. कारण: “सहातून नऊ जात नाहीत, म्हणून नवातून सहा घालवले. मोठ्यातूनच लहान जातो असं तुम्हीच सांगितलंय.” खाली बाईंनी लाल शाईत स्वतःसाठी लिहिलं होतं, ‘हो, मीच सांगितलंय.’ मग त्यांनी तो पाठ दुसऱ्या तऱ्हेने घेतला, काड्यांच्या जुड्या सोडून.

शाळेची वार्षिक तपासणी होते तेव्हा हजेरीपट, टाचणवही आणि गुणांची नोंदवही बघायला मागतात. ही वही मागायची असते हे अजून कुणाच्या यादीत नाही.